आज तुम्ही ससा आहात

आधी नाक सांभाळा. पाय टेकताक्षणी काहीतरी जळल्याचा वास येईल. घाबरू नका, तुमचं काही पेटलेलं नाही. जळताहेत ते फड्या निवडुंगाचे काटे.

तुम्ही दक्षिण टेक्सासात आहात, कोटुला गावाबाहेरच्या एका रँचवर. जानेवारी 1955. कित्येक वर्षं पावसाने पाठ फिरवली आहे. कुरणात गवताची काडी नाही, म्हणून गुरांना निवडुंग खाऊ घालायची वेळ आली आहे. समोरच्या माणसाच्या खांद्याला इंधनाची टाकी लटकते आहे, हातात लांब नळी आहे आणि नळीच्या तोंडाशी निळसर ज्वाळा. तो ती फडांवरून फिरवतो, काटे तडतडत उडून जातात. तोंडावर गरम झोत येतो, डोळ्यांत धूर जातो, आणि त्या ज्वाळेचा घरघराट एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आता पटकन बाजूला व्हा! झुडपांतून गायी येताहेत. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, एकमेकींना ढुशा देत, लाळ गाळत, तुमच्या पायांवर खूर देत त्या वाफाळत्या फडांवर तुटून पडतात. हाक मारणारा कुणी नाही. नळीचा आवाज झाला की जेवण वाढलं, एवढं त्यांना पक्कं कळलं आहे.

हे लक्षात ठेवा. उद्या सकाळी हीच युक्ती तुम्हाला एका वेगळ्या भुकेल्यावर करायची आहे. (पाऊस 1957 च्या वसंतात येणार आहे, हे तुम्हाला ठाऊक असलं तरी इथे कुणाला सांगू नका. वेड्यात काढतील, नाहीतर मारतील.)

रात्री मेस्किट झाडाच्या लाकडांवर घेवड्याचं पातेलं रटरटतं. रेडिओवर अकॉर्डियन. लोखंडी तव्यावरून थेट हातात पडलेली मैद्याची तोर्तिया बोटं भाजते, आणि त्याच वेळी अंधारातून कोल्हेकुई सुरू होते. वाटतं, टोळीच आली! शेजारचा म्हातारा व्हाकेरो, म्हणजे घोड्यावरचा गुराखी, मान हलवतो. दोनच आहेत म्हणतो. नर-मादी दोघं गळे काढतात आणि आवाज असे गुंतवतात की ऐकणाऱ्याला दहा वाटावेत. हाच कायोटी. लांडग्याहून लहान, आपल्या कोल्ह्याहून थोराड, आणि वासरं-कोकरं पळवतो म्हणून रँचवाल्यांचा हाडवैरी. उद्या म्हातारा तुम्हाला त्याला बोलवायला शिकवणार आहे.

पहाटे कॉफी घ्या. उकळून उकळून काळी झालेली, तळाशी गाळ. बाहेर उत्तरेचा वारा सुटला आहे आणि कालच्या घामाचा शर्ट अंगावर गारठला आहे. पिकअपमध्ये तिघं दाटीवाटीने बसा. पेट्रोल, तंबाखू, ओला कुत्रा असा सगळा मिळून एक वास. फाटकाशेजारच्या तारेवर मारलेले कायोटी उलटे टांगले आहेत, ओळीने, काही ताजे, काही नुसती चामडी. बाकीच्यांनी धडा घ्यावा म्हणून, असं सांगतात. कायोटीने यातून कसला धडा घेतल्याचं मला तरी दिसत नाही. वास मात्र तुमच्या डोक्यात दिवसभर बसेल.

गाडी टेकाडामागे थांबते. उतरा, पण दार आपटू नका, नुसतं टेकवा. ही पहिली अक्कल. दाराच्या एका आवाजाने कित्येकांची सकाळ फुकट गेली आहे. टेकाडाच्या माथ्यावरून जायचं नाही, आभाळावर तुमची आकृती उमटते. कडेने, वाकून, पांढऱ्या चुनखडी मातीतून चला. बोलणं बंद. खोकला आला तर गिळा.

आता जागा. झुडपांतून तोडून काढलेली एक रुंद मोकळी पट्टी समोर पसरली आहे, सेंदेरो म्हणतात तिला. म्हातारा तुम्हाला एका मेस्किटच्या पुढ्यात बसवतो. मागे नाही. झुडपामागे लपलं की डोकं सारखं बाहेर काढावं लागतं. झुडपाला पाठ लावून सावलीत बसलं की तुमचा आकारच त्यात विरून जातो. सूर्य पाठीशी. वारा मात्र पाठीवर नको आणि थेट तोंडावरही नको, गालावरून जायला हवा. कायोटी सरळ येत नाही. तो वळसा घालून, तुमच्यावरून गेलेला वारा जिथे पोचतो तिथे जातो आणि हुंगतो. डोळ्यांवर त्याचा विश्वास कमी, नाकावर पूर्ण. म्हणून वारा जातो त्या बाजूला मोकळी जमीन ठेवायची, म्हणजे हुंगायला आलेला आधी तुम्हाला दिसतो. म्हाताऱ्याच्या बुटाला स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याच्या वासाचा थेंब लावलेला आहे, माणसाचा वास झाकायला. नुसता एक थेंब, पण तुमचा घेवडा पोटात ढवळायला पुरेसा.

मग तो शिट्टी तोंडात धरतो. बोटाएवढी, आत पातळ पत्ती. असल्या शिट्ट्यांना नाव मिळवून दिलं ते ऑस्टिनच्या वायव्येला मार्बल फॉल्स गावी राहणाऱ्या मरी आणि विन्स्टन या बर्नहॅम बंधूंनी. त्यांचे वडील तर नुसत्या तोंडाने कोल्ह्यांना बोलवायचे. आपल्याकडे फासेपारधी तितराला त्याच्याच आवाजात साद घालतात, तीच जातकुळी. फरक एवढाच की तितराला तितर होऊन बोलवायचं. कायोटीला बोलवायचं तर जेवण व्हावं लागतं.

म्हातारा फुंकतो आणि तुमच्या अंगावर काटा येतो. शिट्टी म्हणायचं, पण निघतो तो टाहो. कुणीतरी सशाचा गळा धरला आहे आणि ससा मरायला तयार नाही. सुरुवात हळू, कारण कायोटी पन्नास पावलांवर निजलेला असेल तर मोठ्या आवाजाने उठून पळेल. ओंजळ शिट्टीभोवती मिटते, उघडते, सूर रडवेला होतो, फाटतो. मोठ्या जॅकरॅबिट सशाचा आवाज जाड आणि लांब, लहान कॉटनटेल सशाचा बारीक आणि घाईचा. अर्धा मिनिट हे चालतं.

आणि मग गप्प.

नवखे इथेच चुकतात. शिट्टी हातात आहे म्हणून फुंकत राहतात. मरणारा ससा एका लयीत रडत नाही. दम तुटतो, गप्प होतो, पुन्हा एक आचका देतो. या गप्प राहण्यानेच ससा खरा वाटतो. म्हातारा तुमच्या कानाशी कुजबुजतो, “पाहुणे, आता श्वास तेवढा घ्या. बाकी काही करू नका.”

करून बघा. मांडीखाली खडा आहे. नाक खाजतं. मानेवर काहीतरी चालतं आहे, गोचीड असेल, असू दे. दुसरा टाहो. निवडुंगावर एक मोठा कॅराकारा पक्षी येऊन बसतो, लाल तोंडाचा, मेजवानीच्या चौकशीला. तुम्ही त्याच्याकडे बघायला मान वळवता. बोटभरच. तेवढ्यात उजवीकडच्या झुडपात करडं काहीतरी हललं आणि नाहीसं झालं. एक भुंकणं ऐकू येतं, दोनदा, चिडकं. संपलं. तो केव्हापासून तिथे उभा राहून तुम्हाला बघत होता कोण जाणे. आता हा शहाणा झाला, महिनोन्महिने सशाच्या रडण्यावर विश्वास ठेवायचा नाही. म्हातारा रागावत नाही, नुसता थुंकतो आणि उठतो. हे जास्त लागतं.

मैलभर पुढे पुन्हा तोच सगळा खेळ. या वेळी तुमची मान दगडाची आहे. तिसऱ्या टाहोनंतर तो दिसतो. दूर, सेंदेरोच्या टोकाला, कान उभे, आणि थेट तुमच्याकडे धावत येतो आहे. तुमच्याकडे म्हणजे तुम्हाला खायला. पोटात जो गोळा उठतो तो शिकाऱ्याचा नव्हे, सशाचा! आजवर कुणीही तुमच्याकडे जेवण म्हणून पाहिलेलं नाही. शंभर पावलं. ऐंशी. तो वाऱ्याच्या बाजूला वळायला लागतो. म्हातारा शिट्टी सोडून हाताच्या पाठीवर ओठ लावतो आणि पुच्‌ पुच्‌ असा बारीक आवाज काढतो, उंदराचा. कायोटी पुन्हा आत वळतो. चाळीस. नाकावरचा ओलसरपणा दिसतो, हिवाळ्याची दाट फर वाऱ्याने विस्कटते. मग म्हातारा तोंडानेच एकदा “वुफ्‌” करतो. धावता प्राणी क्षणभर थबकतो, हे काय म्हणून बघतो. नेम धरायला तेवढा क्षण पुरतो.

बार. कानात घंटा वाजत राहते, बंदुकीच्या दारूचा तिखट वास नाकात. तुम्ही उठायला जाता, तर म्हाताऱ्याचा पंजा तुमच्या खांद्यावर. जानेवारीत ते जोडीने फिरतात. तो लगेच कुत्र्याच्या पिल्लासारखं केकाटायला लागतो, जखमी होऊन, कळवळून. दोन मिनिटं जात नाहीत तोवर झुडपाच्या कडेला दुसरं डोकं. ती मादी आहे, म्हातारा सांगतो. ती थांबते, बघते. मला विचाराल तर तिने येऊ नये. ती येत नाही. वळते आणि आरामात निघून जाते, आणि म्हातारा बंदूक उचलतही नाही. लांब होती म्हणतो. तेवढी लांब नव्हती.

ही विद्या घरी न्यायच्या फंदात पडू नका, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला चाप लावला आहे. शिवाय तुम्हाला आता दुसरीच अडचण आहे. पिकअपमध्ये बसता येत नाही. उत्साहाच्या भरात दुसऱ्या जागी तुम्ही निवडुंगावरच टेकला होतात. मोठे काटे दिसतात तरी, पण ती केसाएवढी पिवळी कुसं पँटमधून आरपार गेली आहेत. कंबरेच्या पट्ट्यातून म्हातारा पक्कड काढतो, गुराखी ती कायम बाळगतात. तुम्हाला पिकअपच्या बॉनेटवर पालथं घालतो आणि एकेक कूस उपटायला घेतो. बॉनेट गरम आहे. ड्रायव्हर तंबाखू गिळेपर्यंत हसतो आहे.

“बसायच्या आधी खाली बघायचं, पाहुणे,” म्हातारा म्हणतो. “हलू नका. अजून पुष्कळ आहेत.”