पगारपत्रक आणि प्रबंध

इतिहासाची साधने हा शब्दप्रयोग आम्ही प्रथम वाचला तेव्हा आमची थोडी फसगत झाली. आमच्या धंद्यात साधन म्हणजे पाना, हातोडा, कानस. इतिहासालाही अशी हत्यारे लागतात की काय, असे वाटले. पुढे वि. का. राजवाड्यांचे खंड चाळले, तेव्हा उलगडा झाला की त्यांची साधने म्हणजे लोकांच्या घरांत, माळ्यावर, दफ्तराच्या रुमालांत पडून राहिलेले कागद. आज त्या कागदांविषयी, आणि त्यांवर मेहनत करणाऱ्या तरुण मुलामुलींनी ते तुम्हां-आम्हांपुढे कसे मांडावेत याविषयी, चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. आम्ही कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. तेव्हा शास्त्रार्थात चूक झाली तर विद्वानांनी क्षमा करावी.

आधी आपल्या गावचीच गोष्ट घेऊ. शहाजीराजांची पुणे-सुप्याची जहागीर प्रसिद्ध आहे. १६५६ च्या सुमारास शिवाजीमहाराजांनी सुप्यास जाऊन आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांना कैद केले, हीही हकीकत शाळेतल्या मुलांना पाठ असते. आपल्याकडे कित्येकजण छातीवर हात ठेवून सांगतात की ते सुपे म्हणजे हेच. ते हे नव्हे. ते सुपे बारामती तालुक्यातले. आपले सुपा पारनेर तालुक्यातले, पुणे-नगर रस्त्यावरचे. हे आम्ही एकदा चहाच्या टपरीवर बोललो, तर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आठ दिवस आमच्याशी अबोला धरला. नावात एका मात्रेचा फरक, आणि त्यावर केवढा अभिमान उभा! पण कागद पाहणाऱ्याला ही मात्रा पाहावीच लागते.

राजवाड्यांनी हेच आयुष्यभर केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. हा मनुष्य गावोगाव हिंडला, लोकांच्या दारात बसला. मात्र नुसता संग्रह करून ते थांबले नाहीत. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी व खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. तेथील सभांत एखाद्याने नवा कागद सापडला म्हणून उभे राहावे, तो वाचून दाखवावा, आणि बसलेल्यांनी त्याची उलटतपासणी करावी, असा प्रघात पडला. आम्हांस राजवाड्यांच्या सगळ्याच मतांशी जुळवून घेता येत नाही. जातीविषयीची त्यांची काही मते तर आम्हांला मुळीच पटत नाहीत. परंतु कागद सभेपुढे ठेवावा आणि तोही मराठीत ठेवावा, हा त्यांचा आग्रह आम्ही शिरसावंद्य मानतो.

विद्यार्थ्यांनी लोकांपुढे उभे राहण्याची चाल मात्र त्याहून जुनी. १८४८ साली मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या साहाय्याने एक सभा काढली. तीत निबंध वाचले जात, पण इंग्रजीत. लवकरच त्या मुलांच्या ध्यानात आले की आपण जे वाचतो ते आपल्याच आईबापांना कळत नाही. म्हणून मराठी व गुजराती अशा ज्ञानप्रसारक सभा निघाल्या, आणि १८५० पासून मराठीत मासिकही चालू झाले. दादाभाई नौरोजी हे याच मंडळींतले. १८४९ साली याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या, त्यांत आरंभी स्वतः फुकट शिकवले. पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. गावोगावच्या ज्या मांडवांत आज आपण बसतो त्यांची ती मूळ आई.

आता आमच्या घरचा विषय, म्हणजे कामगारांचा. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, ठरल्या तारखेच्या आत पगार, जायबंदी झालेल्याला भरपाई अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. २४ एप्रिल १८९० ला दहा हजारांचा मेळावा झाला, त्यात दोन कामगार बाया उभ्या राहून बोलल्या. १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी दुपारी जेवून जे आडवे होतात, त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

पण विचारावयाचे ते असे की, हे आपल्याला कळले कशावरून? लोखंड्यांनी चालवलेल्या ‘दीनबंधू’ पत्राच्या जुन्या फायली सलग मिळत नाहीत. त्या दोन बायांच्या तोंडचे शब्द तर आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत. पुष्कळसे उरले ते सरकारी फॅक्टरी कमिशनच्या कागदांत, म्हणजे ज्यांच्यापाशी दाद मागितली त्यांच्याच दप्तरात. पेशव्यांच्या फडावर कारकून होते, म्हणून त्यांचे रुमालच्या रुमाल राहिले. कामगाराचा कारकून कोण? संघटनेचे लोक म्हणाल तर आम्ही मोर्चा काढण्यात पटाईत, कागद जपण्यात नव्हे. आमच्याच संघटनेची पंधरा वर्षांची पावतीपुस्तके एका पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली लगदा होऊन गेली. त्याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

म्हणून दोन वर्षांमागे विद्यापीठात प्रबंध लिहिणारी एक मुलगी आमच्या कचेरीत येऊन म्हणाली, “काका, संपानंतर गावी परतलेल्या गिरणी कामगारांवर मी काम करते आहे, तुमच्याकडे काही कागद आहेत का?” तेव्हा आम्हांला शरम वाटली. कागद आमच्याकडे नव्हते, पण माणसे होती. पारनेर तालुका पडला अवर्षणाचा. येथल्या किती घरांतला एक तरी मनुष्य मुंबईच्या गिरणीत होता, हे तुम्हांला सांगावयास नको. तिला आम्ही चार-पाच घरी नेले. घरोघर पत्र्याच्या पेट्या उघडल्या. आतून बदलीचे पास निघाले, पगारपत्रके, फंडाच्या चिठ्ठ्या, गावी धाडलेल्या मनिऑर्डरच्या पावत्या, गावकीच्या खोलीचे वर्गणीचे पुस्तक. एका आजीबाईंनी नवऱ्याचा पास देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला होता. तो त्यांनी दाखवला, हातात मात्र दिला नाही. मुलीने तो तिथेच उभ्याने उतरून घेतला. तिचे आम्हांला कौतुक वाटले ते तेव्हा.

पुढे तिला या व्याख्यानमालेत बोलावयाचे ठरले. चार दिवस आधी कचेरीत तालीम केली, श्रोते म्हणून सात-आठ जुने कामगार बसवले. ती छापील वाचू लागली: संकल्पनात्मक चौकट, संशोधनपद्धती, पूर्वसूरींचा आढावा. दहाव्या मिनिटाला साचाखात्यातले एक तात्या म्हणाले, “पोरी, हे कुणाचं चाललंय?” ती म्हणाली, “तुमचंच.” तात्या म्हणाले, “मग आम्ही यात कुठं आहोत?”

मुलगी रडकुंडीस आली. आम्ही तिला समजावले की तुझे चुकलेले नाही. परीक्षकांना चौकट लागते, तशी ती तेथे द्यावी. पण सभेत आधी कागद वर धरावा, तो कोणाचा ते सांगावे, त्यात काय लिहिले आहे ते वाचावे, मग आपले म्हणणे मांडावे. आम्ही गेटसभेत तेच करतो. मालकाचे पत्र आधी वाचून दाखवतो, शिव्या मागाहून. हसू नका, सभा बांधण्याची ती एक रीतच आहे. शिवाय जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगावे. वक्ता हे कबूल करतो तेव्हा श्रोता त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवतो, असा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

सभेच्या दिवशी मांडव भरला. मुलीने पगारपत्रक वर धरून आरंभ केला आणि मंडळी कान देऊन ऐकू लागली. संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, असे तिने सांगितले, तोच तात्या उभे राहिले. “खोटं आहे. आम्ही दिवाळीतच बाहेर पडलो होतो. जानेवारीत मी गावाला खळ्यावर होतो.” मांडवात कुजबुज झाली. पुस्तक खरे की तात्या खरे? आम्ही अध्यक्षांच्या शेजारी बसून घामाघूम झालो, कारण एका बाजूला आमचा मनुष्य आणि दुसऱ्या बाजूला आम्हीच उभी केलेली मुलगी.

ती गडबडली नाही. तिने पिशवीतून तात्यांचेच पगारपत्रक काढले. त्यावरचा शेवटचा पगार ऑक्टोबर १९८१ चा. ती म्हणाली, “तात्या, तुमचं खरं आहे. काही गिरण्या १९८१ च्या दिवाळीपासूनच बोनसवरून बाहेर होत्या, तुमची त्यातली. ६ जानेवारीला एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला, आणि अठराव्या तारखेपासून बाकीच्या गिरण्या उतरल्या. पुस्तकात सगळ्यांची तारीख आहे, तुमच्या कागदावर तुमची आहे. मी दोन्ही लिहायला हव्या होत्या. लिहीन.” तात्यांनी ते पत्रक हातात घेतले, चष्मा लावून बराच वेळ पाहिले, आणि काही न बोलता खाली बसले.

तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केलेच नाही. तेव्हा तो संपला कधी, ही तारीख सांगणारा कागद मिळावयाचा नाही. ती प्रत्येकाच्या पेटीत निराळी आहे. कोणाची गिरणीतून हिशेब मिळाल्याची, कोणाची मुंबईची खोली सोडल्याची, कोणाची गावी पहिल्यांदा दुसऱ्याच्या शेतावर रोजाने गेल्याची. मुलीने या तारखा गोळा करण्याचे काम आता हाती घेतले आहे. तिचा प्रबंध विद्यापीठांच्या ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात जाईल, तेथे तो कोणासही वाचता येईल. पण तात्यांसारखे तेथे जाणार नाहीत, म्हणून त्याची एक मराठी प्रत आपल्या वाचनालयात ठेवावी असे ठरले आहे.

आमच्या औद्योगिक वसाहतीत आज हजारो कंत्राटी मुले काम करतात. त्यांची हजेरी मोबाइलवर लागते, पगार बँकेत जमा होतो, आणि ठेकेदार बदलला की त्याच्याबरोबर नोंदही जाते. परवा एका मुलाला विचारले, तुझ्या पहिल्या नोकरीचा काही कागद आहे का? त्याने मोबाइल पुढे केला, बोटाने बराच वेळ वरखाली केले, आणि म्हणाला, “होता. फोन बदलला.” आम्ही त्याला या महिन्याच्या पगाराची पावती छापून आणावयास सांगितले आहे. कचेरीत एक पत्र्याची पेटी घेतली आहे. वरचे छप्पर या खेपेस आधी दुरुस्त केले.