राक्षसाचं नाव काय?

अप्पा बळवंत चौकात घेतलेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून मी राक्षस काढायला शिकत होतो. दिवसभर कोड, रात्री सदाशिव पेठेतल्या खोलीत पेन्सिल. पुस्तकाची पद्धत इंजिनीअरला पटणारी होती. आधी माणसाचा सांगाडा, डोक्याच्या मापाने उंची, मग स्नायू आणि सगळ्यात शेवटी शिंगं, सुळे, पंजे. चार महिन्यांनी घरमालकीण काकूंनी वहीत डोकावून विचारलं, "हा जिममधला मुलगा का रे?"

शाळेत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या होत्या, पण तिथे राक्षस अभ्यासक्रमात नव्हता. मग आपल्याकडे तो कोण शिकवायचं, हे शोधत बसलो.

पुस्तक होतंच. विष्णुधर्मोत्तर पुराणातलं 'चित्रसूत्र'. स्टेला क्रामरिश यांनी 1924 मध्ये ते इंग्रजीत आणलं. त्यात माणसांचे पाच प्रकार आहेत: हंस, भद्र, मालव्य, रुचक, शशक. हंस 108 अंगुळं उंच, बाकीचे क्रमाने कमी. आणि दैत्य-दानव? तोंड भयंकर, भुवया चढलेल्या, डोळे गोल, कपडे भडक, डोक्यावर मुकुट नाही. म्हणजे 'राक्षस कसा काढावा' हा धडा दूरच्या नाही, आपल्याच परंपरेतला निघाला. पण काढलेला राक्षस कुठे बघायचा?

बाजीराव रस्ता ओलांडला की शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी 1920 च्या आसपास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि 1975 मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. त्यात पैठण शैलीची चित्रकथी चित्रं आहेत. तिथला राक्षस बघितला आणि माझ्या वहीची लाज वाटली.

त्याला स्नायू नाहीतच. चेहरा बाजूने, पण डोळा मात्र समोरून दिसावा तसा अख्खा, बशीएवढा. दात बाहेर. जाड काळी रेघ आणि आत सपाट रंग. सावली कुठेही नाही. अभ्यासक या शैलीचं नातं चामड्याच्या बाहुल्यांशी जोडतात, आणि ते पटतं. पडद्यावर नुसती आकृती उमटते, तेव्हा हा कोण हे कडेच्या रेघेवरूनच कळायला हवं. आज गेमसाठी पात्रं काढणारेही आधी काळी आकृतीच भरून बघतात.

हे कागद भिंतीवर लावायचे नव्हते, कामाचे होते. चित्र दाखवत गोष्ट सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्येही आहे, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ग्रंथात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला टिकवली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. एका गोष्टीचे तीस ते पन्नास कागद, त्यांची मिळून 'पोथी'. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथेकरी एकेक कागद उचलून धरणार आणि मागे बसलेल्या माणसालाही तो दिसायला हवा. मी काढलेल्या छटा दिव्याच्या उजेडात तीन रांगांपलीकडे चिखलासारख्या दिसल्या असत्या. खात्री करायला मी माझ्या चित्राचा फोटो काढून मोबाईलवर लहान करून पाहिला. चिखलच.

आणखी एक गोष्ट डाचत राहिली. चित्रसूत्राचा दैत्य मुकुटाशिवाय, पण चित्रकथीतल्या रावणाला मुकुट असतोच. राजा आहे तो. महिरावण म्हटलं की राम-लक्ष्मणांना पाताळात नेणारा. इथे नुसता राक्षस कुणी काढतच नाही. माझ्या इंग्रजी पुस्तकात मात्र प्राण्यांना नावंच नव्हती. पुढे कथेकरी नाही, गाणं नाही, म्हणून बिचाऱ्याला सगळं स्नायूंतून सांगायचं होतं.

पुस्तक मी फेकलं नाही. हाताचं माप त्यातूनच जमलं. पण आता पेन्सिलीआधी ब्रश घेतो आणि रेघ एकदाच ओढतो, खोडरबर नाही. गेल्या आठवड्यात महिरावण काढला. डोळा जरा जास्तच मोठा झाला, कागदाबाहेर जायला निघालेला.

काकूंनी दारातूनच बघितलं. चष्माही लावला नव्हता. म्हणाल्या, "ह्याचं नाव काय रे?"

मग त्या खुर्ची ओढून बसल्या, आणि मला पाताळापासून सुरुवात करावी लागली.