काठी, कवायत आणि कागद

पोलीस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी काठी उभी राहते. अंगणातली मुले चोर-शिपाई खेळू लागली म्हणजे जो शिपाई होतो तो प्रथम एखादे लाकूड हुडकून आणतो. वही-पेन्सिल हुडकणारा शिपाई काही कोणी पाहिला नसेल. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला, तर असे दिसते की, पोलीसखात्यात नव्याने भरती होणाऱ्या तरुणाला काय शिकवावे हा सारा वाद मुळी काठी आणि वही यांच्यामधलाच आहे.

१८४३ साली सर चार्ल्स नेपियरने सिंध घेतला आणि तेथे नवे पोलीसदल उभारले. त्याच्यापुढे दोन नमुने होते. एक लंडनचा, १८२९ साली रॉबर्ट पीलने घालून दिलेला. त्यातला शिपाई बंदुकीवाचून लोकांत वावरणारा. दुसरा आयर्लंडचा; हत्यारबंद, बराकीत राहणारा, लोकांपासून चार हात दूर ठेवलेला. जिंकलेल्या मुलखासाठी नेपियरने दुसरा पत्करला, यात नवल नाही. पुढे १८४७ साली सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला, आणि हा नमुना हळूहळू इतरत्रही पसरला. १८६१ च्या पोलीस कायद्यावरही त्याचीच छाया आहे. साहजिकच रंगरुटाचे शिक्षण म्हणजे कवायत, सलामी, बंदूक पुसणे आणि वरून आलेला हुकूम बिनबोभाट पाळणे. पाय बरोबर पडू लागले म्हणजे शिपाई तयार झाला!

पण गावात घरफोडी झाली तर त्या कवायतीचा काय उपयोग? चोर शोधण्याची विद्या कोणी शिकवलीच नव्हती. मग उरला एकच मार्ग : संशयिताला धरावे आणि तो बोलेपर्यंत बडवावे. मद्रास इलाख्यातल्या अशा छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ साली बाहेर आला, आणि सरकारलाही मान खाली घालावी लागली. आधी १८६१ च्या फौजदारी कायद्याने आणि नंतर १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने असे ठरवून टाकले की, पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. राज्यकर्त्यांनी आपल्याच शिपायावर दाखवलेला हा अविश्वास होता. पण त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. आता गुन्हा माणसाच्या तोंडून नव्हे, तर वस्तूंच्या तोंडून वदवून घेणे भाग होते.

त्या विद्येचा एक मोठा धडा आपल्याच देशात घडला. आपल्या आजीबाई बाळाच्या बोटांवर शंख किती, चक्रे किती हे मोजत आल्या आहेत. त्याच शंख-चक्रांचे शास्त्रशुद्ध वर्गीकरण बंगालमध्ये एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांच्या परिश्रमाने सिद्ध झाले, आणि १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी उघडली. लंडनची १९०१ ची; म्हणजे येथे शिष्य कोण आणि गुरू कोण हे वाचकांनीच ठरवावे. जलपायगुडीकडे एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला होता. घरात एक बंगाली पंचांग सापडले, आणि त्यावर आंगठ्याचा डाग. तो डाग पूर्वी शिक्षा भोगलेल्या एका नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली. खुनाबद्दल मात्र नाही, कारण ठसा त्या घरातली उपस्थिती सांगत होता, सुरी कोणी चालवली हे सांगत नव्हता. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे, हा त्यातला दुसरा धडा.

पुढे १९०२-०३ साली सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या आयोगाने साऱ्या देशाचे पोलीसखाते तपासले, आणि शिक्षण अपुरे, लोकांचा विश्वास नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला. प्रांतोप्रांती पोलीसशाळा निघाल्या. मुंबई इलाख्याची शाळा १९०६ साली पुण्याजवळच्या भांबुर्ड्यास सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत नाशिकला त्र्यंबक रस्त्यावर गेली. आज तीच महाराष्ट्र पोलीस अकादमी. तेथे फौजदार घडतात. शिपायांसाठी खंडाळा, अकोला, नागपूर, जालना अशी विद्यालये आहेत.

तेथे कवायत आहे, नेमबाजी आहे, लाठीही आहे. पण खरी परीक्षा पंचनाम्याची. पंच गावातले, प्रतिष्ठित आणि निःपक्षपाती पाहावयाचे. वस्तू कोठे होती ती दिशा लिहावयाची, भिंतीपासूनचे अंतर मोजावयाचे. मुद्देमाल बांधून लाखेची मोहोर करावयाची, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या घ्यावयाच्या. कोरी जागा सोडावयाची नाही, आणि जे डोळ्यांनी पाहिले नाही ते लिहावयाचे नाही. एवढ्या एका वाक्यात निम्मे पोलीसशास्त्र आले. एखादा निष्काळजी शब्द अपराध्याला सोडवतो, आणि एखादा खोटा शब्द निरपराध्याला तुरुंगात घालतो.

स्वातंत्र्यानंतरही मारहाणीची तक्रार संपली नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात अटकेचे नियम घालून दिले : अटकेचा कागद करावा, नातलगांना कळवावे, शिपायाच्या छातीवर नाव असावे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. झडतीचे चित्रीकरण आता सक्तीचे झाले. कबुलीजबाबाचा जुना नियम मात्र त्यांतही कायम आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. हे सर्वांना ठाऊक आहे. पण पुढचे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. शहरभर संताप उसळलेला असताना, फेब्रुवारी २००९ मध्ये त्याच कसाबचा कबुलीजबाब पोलिसांनी नव्हे, तर दंडाधिकाऱ्यांनी नोंदवला. मग खटला चालला, अपिले झाली, आणि २०१२ साली शिक्षा अमलात आली. लाठीने जे प्राण देऊन मिळवले, ते कागदाने वाया जाऊ दिले नाही.