सतराव्या उन्हाळ्यानंतरचा नोव्हेंबर

आपण इथे एरवी लढायांबद्दल बोलतो. आज मात्र माझ्या हातात सतरा वर्षांच्या मुलीची प्रेमकथा आहे. निवृत्त फौजी माणसाने हे काय वाचायला घेतलं, असं वाटेल. पण दहा मिनिटं ऐका.

कादंबरीचं नाव ‘सेव्हन्टीन्थ समर’. लेखिका मॉरीन डेली. तिचा जन्म १९२१चा, आयर्लंडमधला; वाढली ती अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या फॉन्ड ड्यू लॅक या गावात. कॉलेजात असताना तिने ही कादंबरी लिहिली आणि १९४२ साली ती प्रसिद्ध झाली. आज ज्याला ‘यंग अॅडल्ट’ साहित्य म्हणतात, त्याच्या सुरुवातीच्या पुस्तकांत तिचं नाव घेतलं जातं.

कथा साधी आहे. अँजी मॉरो नुकतीच शाळा संपवून घरी बसलेली. जॅक ड्यूलुथ घरच्या बेकरीची गाडी चालवतो, बास्केटबॉल खेळतो. जून महिन्यात ओळख होते, विनेबागो सरोवरात शिडाच्या होडीतून फेरी होते, आणि एकमेकांशिवाय दिवस जाईनासा होतो. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे उकाडा आणि आंबे. तिथे हिवाळ्यात ते सरोवर गोठतं. होडी हाकायचे महिने मोजकेच. म्हणून तिथल्या उन्हाळ्याला घाई असते. उन्हाळा सरतो तेव्हा जॅकचं कुटुंब ओक्लाहोमाला निघालेलं असतं आणि अँजी शिकायला शिकागोची गाडी पकडते. संपली गोष्ट.

यात इतिहास कुठे आहे? तो पुस्तकाच्या तारखेत आहे. ७ डिसेंबर १९४१ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. कादंबरी दुकानात आली ती त्यानंतर. कथेत मात्र शांततेच्या काळातला उन्हाळा आहे. मग नोव्हेंबर १९४२मध्ये सक्तीच्या भरतीचं किमान वय २०वरून १८वर आणलं गेलं. जॅक अठराच्या आसपासचा. तो काल्पनिक आहे, त्यामुळे त्याचं पुढे काय झालं हे मी सांगणार नाही. पण त्याच्या वयाच्या खऱ्या मुलांचं काय झालं, ते आकडे सांगतात. त्या युद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकनांनी गणवेश चढवला, आणि त्यातले सुमारे ४ लाख परतले नाहीत.

इथे एक सावधगिरी हवी. आपल्याला पुढचं माहीत आहे म्हणून लेखिकेलाही ते दिसत होतं, असं समजू नये. तिने निरोप लिहिला तो उन्हाळ्याचा. वाचणाऱ्या मुलींना तो कदाचित आगगाडीच्या फलाटावरचा वाटला असेल. एकाच पानाचे दोन अर्थ होतात ते असे. पुस्तक बदलत नाही, वाचणाऱ्याचं वर्ष बदलतं.

काही जण अशा कादंबऱ्यांना पोरकट म्हणतात. मीही म्हणत असे. आता वाटतं, युद्धाने नेमकं काय मोडलं हे समजायचं तर आधी काय होतं ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. संध्याकाळी फोनची वाट पाहणं, आईच्या नजरेला नजर न देणं, त्याच्या गाडीचा आवाज ओळखणं. लढाईच्या अहवालात यातलं काहीच येत नाही.

हे मला टोचलं, त्याचं कारण सांगतो. माझ्या हाताखाली अठरा-एकोणीस वर्षांची कितीतरी पोरं आली. त्यांची उंची, छाती, वजन, शिक्षण, रक्तगट, सगळं माझ्याकडच्या कागदावर असे. मागच्या उन्हाळ्यात ती कुठे होती, कुणाशी बोलायला धडपडत होती, याला त्या कागदावर रकाना नव्हता. आणि मीही कधी विचारलं नाही. सुट्टीचा अर्ज आला की कारण वाचायचं, सही करायची, पुढचा अर्ज.

तेव्हा तुमच्या घरी कुणी नुकतंच भरती झालं असेल, तर त्याला प्रशिक्षणाबद्दल जरूर विचारा. पण त्याआधीच्या उन्हाळ्याबद्दलही विचारा, आणि तो सांगेल ते लिहून ठेवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.