फिर्यादीची नोंद व धाराशिवचा इतिहास

प्रजेचें गाऱ्हाणें ऐकणें हें राज्यकर्त्याचें पहिलें कर्तव्य होय, असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु ऐकणें आणि लिहून घेणें यांत जें अंतर आहे, तिकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. धाराशिव जिल्ह्याचा इतिहास आम्हांस तें अंतर दाखवितो.

१८५३ च्या तहानें नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे आला व त्याचा कारभार मेडोज टेलर यांजकडे सोंपविला गेला. ठगांवरील कादंबरीचे कर्ते ते हेच. १८६० त हा मुलूख निजामास परत मिळाला. आणि लगेच १८६१ त ब्रिटिश हिंदुस्थानांत फौजदारी कामाची संहिता तयार झाली. ठाण्यावर आलेली प्रत्येक फिर्याद अंमलदारानें लिहून घेऊन तिचा सारांश रोजनिशींत नोंदिला पाहिजे, असें तिच्या १३९ व्या कलमांत सांगितलें होतें. अवघ्या एका वर्षाच्या अंतरानें हा जिल्हा तिच्या कक्षेबाहेर राहिला. निजाम सरकारनें आपले निराळे कायदे केले हें खरें; पण उर्वरित देशाची संहिता येथें लागू होण्यास १९५१ साल उजाडावें लागलें.

तत्पूर्वीं १९४८ साल येऊन गेलें. लातूर तेव्हां याच जिल्ह्यांत होतें व रझाकारांचा पुढारी कासीम रझवी तेथेंच वकिली करीत असे. रझाकारांनीं नाडलेल्या गांवकऱ्यांनीं दाद कोठें मागावी? सप्टेंबरांतील पोलीस कारवाईनें तो जुलूम संपला. परंतु मागोमाग सूडाची लाट उठली, आणि तोच प्रश्न निरपराध मुसलमान कुटुंबांपुढें उभा राहिला. मध्यवर्ती सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें, सर्वांत अधिक हानि झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची गणना केली. संस्थानांतील एकंदर मृतांचा तिचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा आहे. या दोन आंकड्यांमध्यें तेरा हजार माणसें आहेत! ज्यांच्या मरणाची फिर्याद वेळींच कोणी लिहून घेतली नाहीं, त्यांना इतिहासांत नांव नाहीं. ते केवळ अंदाजांत उरले.

फिर्याद सरसहा नोंदिली तर खोट्या तक्रारींना ऊत येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदींच पोकळ नाहीं. परंतु नोंद म्हणजे निकाल नव्हे. खरेंखोटें ठरविण्याचें काम नोंदीनंतर सुरू होतें. १२ नोव्हेंबर १९१३ नव्हे, तर २०१३ रोजीं, म्हणजे १८६१ नंतर दीडशें वर्षांनीं, सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींस हें पुन्हां सांगावें लागलें, कीं दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास नोंद करणें ऐच्छिक नाहीं. वैवाहिक कलह, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हयगय अशा कांहीं प्रकरणांत प्राथमिक चौकशीची सवलत न्यायालयानें ठेविली. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेच्या १७३ व्या कलमानें तर हद्दीची सबबहि काढून घेतली आहे. फिर्याद कोणत्याहि ठाण्यावर देतां येते.

कायदा झाला, आतां लेखणी उचलली गेली पाहिजे. आमच्या वाचकांपैकीं कोणावर ठाण्याची पायरी चढण्याचा प्रसंग आलाच, तर ‘उद्यां या’ एवढ्या उत्तरावर परत फिरूं नये. नोंदीची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळण्याचा त्यांस हक्क आहे. कागदाचा तो तुकडा हातीं नसला म्हणजे काय होतें, हें या जिल्ह्यानें एकदां पाहिलें आहे.