काचेच्या टाकीतील प्रवाळे का दगावतात?

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात मासे तगतात, पण प्रवाळे दगावतात, हा अनुभव नवा नाही. मासा पाण्यातील थोडेफार चढउतार सोसतो. प्रवाळ मात्र एका जागी जखडलेला प्राणी आहे. त्याचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्यासाठी लागणारी द्रव्ये ते भोवतालच्या पाण्यातूनच मिळवते. त्याच्या पेशींत वस्ती करून राहिलेले सूक्ष्म शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्याला पुरवते. त्यामुळे पाण्याचे रसायन बिघडले की प्रवाळाचा सांगाडा आणि अन्न या दोन्हींवर एकाच वेळी घाला पडतो. कित्येक वर्षे वाढलेली वसाहत अशा वेळी एका रात्रीत पांढरी पडू शकते. घाबरून केलेले उपचार उरलेल्या प्रवाळांनाही संपवतात.

आधी लक्षणे पाहावीत

पांढरे दिसणारे प्रत्येक प्रवाळ मेलेले नसते. रंग उडाला असला तरी सांगाड्यावर पारदर्शक ऊतीचा थर शाबूत असेल, तर आतील शैवाल निघून गेले आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. अतिउष्णता किंवा अचानक वाढलेला प्रकाश ही त्याची नेहमीची कारणे होत. असे प्रवाळ सावरू शकते. ऊती सोलून निघत असेल आणि खाली कोरा सांगाडा दिसत असेल, तर मात्र ते प्रत्यक्ष मरत आहे असे समजावे. रंग तपकिरी होणे हे बहुधा पोषकद्रव्ये वाढल्याचे किंवा प्रकाश अपुरा असल्याचे लक्षण असते. केवळ शेंडे जळाल्यासारखे दिसत असतील, तर पोषकद्रव्ये अत्यल्प असताना अल्कलिनिटी वाढवली गेली काय, हे तपासावे.

नुकसान कोठे झाले, यावरूनही बरेच उमगते. सगळ्याच जाती एकाच वेळी आजारल्या, तर दोष पाण्यात असण्याचा संभव अधिक. एकाच जातीचे प्रवाळ खंगत असेल, तर ते खाणारे चपटे कृमी किंवा सूक्ष्म गोगलगायी भिंगाने शोधाव्यात. हे जीव रात्री अधिक सहज सापडतात. नुकतेच आणलेले प्रवाळच तेवढे मरत असेल, तर नव्या प्रकाशाशी ते जुळवून घेऊ शकलेले नाही, अशी शंका घ्यावी.

मोजमापाचा क्रम

सर्वप्रथम तापमान आणि लवणता मोजावी. तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस आणि लवणता हजारी ३५ भाग असणे इष्ट. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागे राहते. २०० लिटरच्या टाकीतून दररोज ४ लिटर पाणी उडून गेले आणि तीन दिवस भर घातली नाही, तर लवणता ३५ वरून ३७ च्या पुढे जाते. ही भर गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्याचीच घालावी. खारे पाणी घातल्यास मीठ आणखी वाढते. नळाच्या पाण्यातील क्लोरिन, फॉस्फेट आणि धातू प्रवाळांना घातक असल्याने तेही टाळावे. लवणता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून बिनचूक मानू नये. हजारी ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने त्याची पडताळणी करावी. उन्हाळ्यात आपल्या शहरांतील खोल्यांचे तापमान ३० अंशांच्या वर जाते, तेव्हा पाणी थंड करणाऱ्या चिलरवाचून प्रवाळे टिकवणे अवघड असते.

त्यानंतर अल्कलिनिटी मोजावी. आम्लाला तोंड देण्याची पाण्याची क्षमता म्हणजे अल्कलिनिटी. समुद्रात ती सुमारे ७ डीकेएच असते; टाकीत ती ७ ते ९ च्या दरम्यान स्थिर ठेवावी. सांगाडा घडताना प्रवाळ कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एका ठरावीक प्रमाणात वापरते. लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झाले, की अल्कलिनिटी सुमारे २.८ डीकेएचने उतरते. म्हणजे कॅल्शियम ४२० वरून ४०० वर आलेले कोणाच्या लक्षातही येत नाही, पण त्याच काळात अल्कलिनिटी ८ वरून ५.२ पर्यंत घसरलेली असते. म्हणूनच धोक्याची पहिली सूचना अल्कलिनिटी देते. कॅल्शियमचा आकडा ठीक आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांची फसगत होते, ती येथेच.

अल्कलिनिटी उतरली असल्यास खाण्याचा सोडा उपयोगी पडतो. २०० लिटर पाण्यात ती १ डीकेएचने वाढवण्यासाठी सुमारे ६ ग्रॅम सोडा लागतो. मात्र तो बेकिंग पावडर नसावा. शुद्ध पाण्यात विरघळवून तो सावकाश सोडावा आणि एका दिवसात १ डीकेएचहून अधिक वाढ करू नये. कमतरतेपेक्षा अचानक झालेला बदल अनेकदा अधिक घातक ठरतो.

अडलेली गणिते

कॅल्शियम आणि अल्कलिनिटी कितीही भर घातली तरी वाढत नसेल, तर मॅग्नेशियम तपासावे. समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे सुमारे १,३०० मिलिग्रॅम असते. कॅल्शियम कार्बोनेट आपोआप साक्याच्या रूपाने खाली बसू नये, याची काळजी मॅग्नेशियम घेते. ते घटले की भर घातलेली द्रव्ये प्रवाळापर्यंत पोहोचण्याऐवजी हीटर आणि पंपांवर पांढऱ्या पुटाच्या रूपाने साचतात. अशा वेळी आधी मॅग्नेशियम पूर्ववत करावे.

सामू ८ ते ८.३ असावा. अल्कलिनिटी योग्य असूनही सामू कमी येत असेल, तर खोलीतील हवेत कार्बन डायऑक्साइड साचला असण्याची शक्यता असते. टाकीतील पेलाभर पाणी गच्चीत नेऊन तासभर त्यात हवा सोडावी. सामू चढला, तर दोष बंद, वातानुकूलित खोलीतील हवेचा आहे. खिडकी उघडणे हा उपाय रसायने ओतण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित आहे.

अमोनिया शून्य असावा. तो आढळल्यास खडकांमागे मेलेला मासा किंवा गोगलगाय शोधावी. फॉस्फेट वाढले की सांगाडा घडण्यात अडथळा येतो. उलट नायट्रेट आणि फॉस्फेट पूर्णपणे शून्यावर आणल्यास प्रवाळ उपाशी राहून फिके पडते आणि खडकांवर तपकिरी चिकट सूक्ष्मजीव माजतात. माशांच्या औषधांतील तांबे तर प्रवाळांसाठी विषच होय. असे औषध टाकीत कधीही घालू नये. आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवावा.

तातडीचे उपाय

प्रवाळ डोळ्यांदेखत सोलून निघू लागले, तर निरोगी फांद्या तोडून वेगळ्या ठेवाव्यात. टाकीत नवे अॅक्टिव्हेटेड कार्बन घालावे. तेच तापमान आणि तीच लवणता असलेल्या ताज्या खाऱ्या पाण्याने १५ ते २० टक्के पाणी बदलावे. एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि प्रत्येक आकडा वहीत टिपून ठेवावा. धक्कादायक आकडा आल्यास चाचणी संचाची मुदत पाहून दुसऱ्या संचाने खात्री करावी. वीज गेल्यास पाण्यातील प्राणवायू झपाट्याने घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच. टाकीतील खडक उकळून स्वच्छ करण्याचा मोह मात्र टाळावा. पॅलिथोआ जातीच्या जिवांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकते आणि त्याची वाफ श्वासावाटे गेल्यास माणसाच्या जिवावर बेतू शकते.

कायद्याची चौकट

मेलेल्या प्रवाळाच्या जागी नवे आणणे ही दुकानातील साधी खरेदी नव्हे. खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना भारतात २००१ पासून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यातूनच नव्हे, तर देशाच्या कोणत्याही किनाऱ्यावरून ती काढणे हा गुन्हा आहे. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स कराराने नियंत्रित केला आहे. कागदपत्रांविना आलेले प्रवाळ घेणे म्हणजे चोरट्या व्यापाराला हातभार लावणेच होय.

या काळजीचे मोल छंदापुरते मर्यादित नाही. २०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र विक्रमी तापला, तेव्हा संवर्धकांनी हजारो प्रवाळे समुद्रातून काढून जमिनीवरील टाक्यांत हलवली. तेथेही त्यांचा जीव तापमान, लवणता आणि अल्कलिनिटी यांच्याच नियमित मोजमापावर अवलंबून होता. घरातील टाकीलाही तोच नियम लागू पडतो: आधी मोजावे, मग विचार करावा आणि शेवटी, तेही सावकाश, पाण्यात हात घालावा.