मेसोपोटेमियाचा वारसा : साठाची गणना
टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात, म्हणजे मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), सुमेरियन लोकांनी जगातील सर्वांत जुन्या शहरांपैकी काही शहरे वसवली. त्यांपैकी उरुक येथे इ.स.पू. ३३००च्या सुमारास लेखनाचा आरंभ झाला. धान्य, जनावरे आणि मजुरांचा शिधा यांचा हिशेब ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने उमटवला जाई. त्यातूनच पुढे कीलाकार लिपी घडली.

सुमेरियन गणना साठावर आधारलेली होती. साठाला २, ३, ४, ५ आणि ६ यांनी निःशेष भाग जातो, म्हणून वाटण्या सोप्या होत. पुढे याच प्रदेशातील बॅबिलोनियन गणितज्ञांनी याच पायावर स्थानमूल्याची अंकपद्धती उभारली. इ.स.पू. १८०० ते १६०० या काळातील एका पाटीवर दोनाचे वर्गमूळ पाच दशांश स्थळांपर्यंत अचूक दिले आहे.

बॅबिलोनियन खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदी आणि गणना ग्रीकांनी स्वीकारल्या. इ.स. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने वर्तुळाच्या ३६० अंशांचे साठ-साठ भाग करून ग्रहगणित मांडले. अरब विद्वानांनी ते जपले व त्यांच्याकडून ते युरोपात पोहोचले. दिवसाचे २४ भाग इजिप्तमधून आले. तासाची ६० मिनिटे, मिनिटाचे ६० सेकंद आणि नकाशावरील अंश मात्र आजही मेसोपोटेमियाच्याच गणनेने मोजले जातात.